जैनाबादेत ठेवलेलं प्रस्थान

सप्तमीच्या दुपारी मथुराबाईच्या ओसरीवर समुद्र मांडला होता. निऱ्या पाडलेलं निळं लुगडं म्हणजे समुद्र. त्याच्या काठाकाठानं जोंधळ्याच्या दाण्यांची रेघ, ती मोटरीची वाट. उपडी वाटी म्हणजे स्टेशन. रेघ मध्येच दोन बोटं तुटली होती, ती खाडी. आणि खाडीपलीकडे एकटा शेंगदाणा, ते मथुराबाईच्या लेकीचं, सुमनचं गाव.

मांडणी उखर्डूची. हा डोईफोडिया गावचा. सोळाव्या वर्षी घरातून पळाला आणि डहाणूकडच्या किनाऱ्यावर जाऊन भाड्याची मोटर चालवायला लागला. आता मोटर त्याची स्वतःची होती. आखाजीच्या सणाला गावी आला होता आणि आज चारच्या गाडीनं परत निघायचा होता.

"इथवर सुरूची झाडं, सावली पक्की," तो दाण्यांवरून बोट फिरवत म्हणाला. "पुढं नुस्ती वाळू. तिथं चाकांतली हवा थोडी सोडायची, म्हणजे गाडी रुतत न्हाई. दोन फळ्या, चार बारदानं मी घेतो. मागच्या शिटावर गादी. पोरीला पाळण्यात नेल्यासारखी नेतो, मावशी."

मथुराबाई शेंगदाण्याकडे बघत होती. त्या गावच्या मिठागरावर जावई मुकादम. सुमनचं पहिलं बाळ तिथंच गेलं. दोन दिवस सुईण मिळाली नाही. दुसऱ्या वेळी सातव्यात तिला बैलगाडीनं आणायला काढली, आणि पाच तासांच्या धक्क्यांनी वाटेतच सगळं आटोपलं. आता तिसरी खेप. सातवा सरत आला होता. सासऱ्यांचं पत्र स्वच्छ होतं: पुनवेपर्यंत न्या, आठवा लागला की सून उंबरा ओलांडणार नाही.

म्हणून मोटर. आणि म्हणून शास्त्रीबुवांकडून दिवसही काढून आणला होता.

"तेरसेला निघायचं," मथुराबाईचा मुलगा गिरधर म्हणाला. तो कापसाच्या जिनात कारकून, बोलणं मोजकं. "चौदसला रात्री तुमच्या स्टेशनावर. पुनवेला सकाळी नऊला मोटर."

उखर्डूचं बोट खाडीवर थांबलं.

"पुनवेला? खाडीत?" तो हसायला लागला, मग दोघांची तोंडं बघून थांबला. "कोणी काढला हा दिवस?"

"शास्त्रीबुवांनी. अमृतयोग आहे."

"शास्त्रीबुवांनी समुद्र पाहिलाय का? पुनवेच्या दुपारी तिथं दोन पुरुष पाणी असतं."

"वैशाखात?" मथुराबाई म्हणाली. "पाऊस कुठंय रे बापा? आमच्या तापीत आज गुडघाभर पाणी न्हाई."

"समुद्राला पाऊस लागत न्हाई व, मावशी. त्याला चांद लागतो. पुनवेला सकाळी सहाला खाडीचा तळ दिसतो, पण जाऊन यायला तेवढा वेळ पुरत न्हाई; आठानंतर पाणी असं येतं की घोडा मागं पडेल. परत उतरेल ते दिवस मावळताना. अंधारात, ओल्या वाळूत, भरल्या पोटाच्या बाईला घेऊन मी गाडी घालत न्हाई. मागल्या साली एकानं घातली. आजून तिचं टपच दिसतं तिथं."

तापीकाठच्या माणसांना पूर ठाऊक होता. आभाळ काळवंडतं, वरच्या अंगाला पाऊस पडतो, मग पाणी येतं. नितळ आभाळाखाली, भरल्या चांदण्यानं चढणारं पाणी कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

"मग कधी?" गिरधरनं विचारलं.

"नवमीला. तेव्हा पाणी मवाळ. साडेअकरा ते अडीच, गुडघ्यापेक्षा खालीच राहतं. दसमीपासून पुनव होईस्तोवर माझी गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला दिली आहे. अन् त्या खाडीत दुसरा कोणी गाडी घालत न्हाई."

"नवमी म्हणजे परवा."

"म्हणजे आज चारच्या गाडीनं निघा. माझ्याबरोबर."

दोन वाजून गेले होते. गिरधर उठला, आणि उठल्या जागी उभा राहिला. आईकडे बघायला लागला. मथुराबाईचा चेहरा पांढरा पडला होता.

प्रस्थान सकाळीच ठेवून झालं होतं. निघायचा दिवस लांब असला की चांगल्या वेळेवर प्रवाशाचं काहीतरी घराबाहेर नेऊन ठेवायचं. तिथूनच प्रवास सुरू झाला असं धरायचं. गिरधरच्या उपरण्यात तिनं तांदूळ, हळकुंड, सुपारी बांधली होती. गाव तापीपलीकडचं जैनाबाद, घर नणंदेचं, मालूबाईचं. सगळे म्हणत होते, स्टेशन लालबागेकडे आहे, तिकडे ठेव. पण तिनं मनाशी धरलं होतं: लेकीच्या वाटेत पाणी आहे, तर प्रस्थानानंही पाणी ओलांडलेलं असू दे. ते बोचकं ज्याचं त्यानंच उचलायचं, आणि उचलल्यावर घराकडे वळायचं नाही.

"जैनाबादला जाऊन येतो," गिरधर म्हणाला. "पळत गेलो तर..."

"जाऊन यायला दीड तास," उखर्डू म्हणाला. "मग लालबाग. गाडी तुमच्यासाठी थांबणार हाय का, साहेब?"

"अन् येताना याच गावातून यावं लागेल," मथुराबाई हळूच म्हणाली. "प्रस्थान घेऊन मागं फिरल्यासारखं."

"माय, तू सांगशील तसं."

उखर्डू पायऱ्या उतरून टांगा बघायला गेला. जाता जाता तो म्हणाला, "मावशी, मी बोलवायला एकदाच येईन."

मथुराबाई बसून राहिली. जात्यावर बसली की ती सुमनसाठी एक ओवी म्हणायची:

तापीच्या पाण्या, तू तर जाशी लेकीच्या गावा,
उंबऱ्याशी थांब, माझा ठेव सांगावा.

चार वर्षं पाणी सांगावा नेत होतं. उलट निरोप दोनदा आला, आणि दोन्ही वेळा पत्राचा कोपरा मरणाच्या पत्रासारखा फाडलेला होता.

"गिरधर," ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा तिची पाठवणी केली तेव्हा दिवस कोणी काढला होता?"

"शास्त्रीबुवांनी."

"अन् बैलगाडीचा?"

"तोही त्यांनीच."

"दोन्ही दिवस चांगलेच होते रे." तिनं लुगडं एकदम ओढलं, दाणे ओसरीभर सांडले. "हे घे, पोरीला वाटेत उशाला होईल. जावयाला स्टेशनावरून तार कर, तयार ठेव म्हणावं. जा. पाठीमागं बघू नको, मी दारात येत न्हाई."

टांगा वाजला, लांब गेला. ती आत चुलीपाशी उभी होती, आणि पदराचं टोक तिनं दातांत धरलं होतं.

अष्टमीला मालूबाईनं निरोप धाडला: बोचकं इथंच, अन् पोरगा गेला म्हणे? वहिनी, हे काय केलंत? मथुराबाईनं सांगून पाठवलं, "राहू दे. कावळ्याचिमण्यांना घाल तांदूळ." बोलली, आणि रात्रभर कुशीवर कूस बदलत राहिली.

नवमीला तिनं स्वयंपाक केला, झाकून ठेवला, आणि शेजारच्या चुडामण मास्तरांच्या घरी घड्याळासमोर जाऊन बसली. साडेअकरा. बारा. मास्तरांनी पाणी पुढं केलं, तिनं हातानं दूर सारलं. एक. सुमनच्या घरी पोचले असतील? तिच्या सासूनं बसा, जेवा केलं असेल तर? दोन. अडीचला तिनं डोळे मिटले. पावणेतीनला मास्तर म्हणाले, "वहिनी, घड्याळाकडे बघून पाणी उतरत नाही." ती म्हणाली, "चढत तरी न्हाई ना, मास्तर?"

दशमीला उन्हं चढली तेव्हा तारवाला आला. आळीतल्या बाया कामं टाकून दारात आल्या. तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच ठाऊक. मास्तरांनी कागद फोडला. मोठ्यानं वाचलं.

"सुमन सोबत. खाडी पार. दोन दिवस इथेच मुक्काम. मग निघतो."

बायांनी सुस्कारा टाकला. कोणी साखर आणायला धावलं. मथुराबाई हलली नाही.

"दोन दिवस कशाला?"

"थकली असेल पोर."

"तारेत तसं लिहिलंय?"

"तारेत कोणी कारण लिहितं का, वहिनी?"

तिनं कागद मास्तरांच्या हातातून घेतला, वाचता येत नसताना उलटसुलट पाहिला, आणि चोळीत खुपसून सरळ निघाली. उन्हातून, अनवाणी, गोदाबाई सुइणीच्या घरी.

दारात बैलगाडी जुंपलेली. देडतलाईला भाचीचं लग्न होतं. गोदाबाई नवं लुगडं नेसून, डब्यात लाडू भरून चढायच्या बेतात होती.

"गोदाबाई, जाऊ नका."

"अगं बया! लेक कुठंय तुझी?"

"समुद्राकाठी. खाडी उतरली. दोन दिवसांनी निघेल."

"अन् तिचे दिवस कधी भरतात?"

"दोन महिन्यांनी."

"मग आत्तापासून मला दावणीला बांधतीस काय?" गोदाबाई हसली. मग हसू थांबलं. मथुराबाईची पावलं तिनं पाहिली. टाचा भाजून लाल झाल्या होत्या. "दोन दिवस मुक्काम म्हणालीस?"

"हो."

"कारण?"

"लिहिलं न्हाई. मागच्या खेपेलाही सातव्यातच, वाटेत झालं सगळं."

गाडीवाल्यानं बैलांना चुचकारलं. गोदाबाईनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा लाडवांच्या डब्याकडे. मग डबा गाडीवाल्याच्या हातात दिला.

"भाचीला सांग, मावशी मागनं येती," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसून पायांतल्या वहाणा काढायला लागली.