चेहरा दिसत नाही

कुर्त्याच्या कमरेपाशी दुमड होती. तिने त्या दुमडीत पितळी अंगुस्तान सरकवलं, वरून चार टाके घातले आणि दोरा दातांनी तोडला. शिवताना सुई बोटात शिरू नये म्हणून रोज बोटावर चढवायचं ते टोपण एका बाजूने चेपलं होतं. नवऱ्याच्या पायाखाली येऊन चेपलं, तेव्हा तोच एका पायावर नाचत घरभर फिरला होता. त्याला ते हजारात ओळखू येईल. यायलाच हवं होतं.

तो विमानतळावर तपासणीला होता आणि नवं यंत्र आल्यापासून एका बंद खोलीत बसायचा. बाहेर माणूस हात वर करून यंत्रात उभा राहिला की आत त्याच्या पडद्यावर कपड्यांशिवायचं अंग उमटायचं. काही लपवलेलं दिसलं की तो बाहेरच्या शिपायाला कळवायचा. कोण उभं आहे ते त्याला दिसत नसे आणि कोण बघतंय ते उभ्या राहणाऱ्याला कळत नसे.

शेजारीण माप द्यायला आली की हमखास म्हणायची, तुझा नवरा बायका बघून बघून दमून येत असेल. माप घेता घेता, तोंडात टाचण्या धरून ती हसून घ्यायची. मग रात्री नवऱ्यासोबत जेवताना ताटात बोट फिरवत तोच विषय काढायची.

"चेहरा दिसत नाही गं," तो सांगायचा. "करडी आकृती असते. वस्तू आहे का, एवढंच बघतो."

"परत सांगा."

तो परत सांगायचा, तेच शब्द, त्याच क्रमाने. पाठ केल्यासारखे वाटायचे म्हणून ती आणखी जळायची. एकदा तो वैतागून म्हणाला, तूही दिवसभर बायकांची मापं घेतेसच की.

"माझ्यापुढे बाई उभी असते," ती म्हणाली. "तिला ठाऊक असतं, कुणाचा हात लागतोय."

त्यावर तो भात कालवू लागला.

भावाला मुलगी झाली आणि बाळाला बघायला तिला नवऱ्याच्याच विमानतळावरून विमानाने जावं लागलं. निघताना देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. त्याने तिला ओळखलं नाही, तर ती त्याच्या लेखी हजारातली एक. आणि ओळखलं, तर तो आकृत्या नीट न्याहाळतो हे नक्की. दोन्हीकडून तिचंच हसं होणार होतं, तरी तिने अंगुस्तान काढलं नाही.

यंत्रात उभी राहून तिने हात वर केले. पोट आत घेतलं, आणि स्वतःचाच राग आला. बाहेर पाऊल टाकताच शिपाई बाईने थांबवलं, कमरेशी चाचपलं, टाके उसवायला लावले.

"शिंपीणबाई का?" ती हसून म्हणाली आणि टोपण परत दिलं.

पलीकडे एक दार होतं. त्याला काच नव्हती. ती त्या दाराकडे बघत राहिली, मागच्या बाईने पुढे सरका म्हणेपर्यंत.

भावाच्या घरी पोचल्यावर बाळाला पाहिलं, चहा घेतला आणि गॅलरीत येऊन तिने नवऱ्याला फोन लावला.

"ओळखलंत ना?"



"मी खुर्चीवर नव्हतो. घरचं माणूस जाणार असलं की उठायचं, असा नियम आहे. मी खोलीच्या मागच्या दाराबाहेर उभा होतो."

"मग आत कोण होतं?"

"बडबड्या."

बडबड्या म्हणजे त्याचा जोडीदार. सुटीच्या दिवशी जेवायला यायचा, तोंडात घास असतानाही विनोद सांगायचा, वहिनी वहिनी करून तिसऱ्यांदा आमटी मागायचा. गॅलरीत कुणी नव्हतं, तरी तिने ओढणी सारखी केली.

मग न विचारताच तो बोलू लागला. एका बाईच्या कमरेत अंगुस्तान सापडलं, हे शिपाई बाईकडून त्याला कळलं होतं. बडबड्या खोलीतून आला, पाणी प्यायला, पेला ठेवला आणि त्याच्याकडे न बघता गेला. दिवसभर एक विनोद नाही. बडबड्याच्या कोटाचं बटण तूच लावून दिलं होतंस ना, समोर बसून? तेव्हा बोटात तेच चेपलेलं अंगुस्तान होतं का?

"हो," ती म्हणाली.

"तुला किती वेळ उभं केलं होतं?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "नेहमीपेक्षा जास्त का?"

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज ताटावर बसून ती ह्याच आवाजात विचारायची. आता कसं वाटतं, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने मुठीतलं अंगुस्तान बोटावर चढवलं, काढलं, पुन्हा चढवलं.

"चेहरा दिसत नाही हो," ती हळूच म्हणाली. "करडी आकृती असते. वस्तू आहे का, एवढंच बघतात."

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं, भावजयीने थोपटलं, तसं गप्प झालं. तो अजून फोनवरच होता.

"परत सांग," तो म्हणाला.