पाण्याची ओळ

“‘पाणी पिकांना योग्य आहे’ एवढंच वाचायचं,” साहेब म्हणाले. “चार शब्द. तुमचं काय जातंय?”

ताईंच्या हातात प्रयोगशाळेचा कागद होता आणि त्यावर नेमकं उलटं लिहिलं होतं. कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याने पाण्यात पुन्हा घाण सोडली होती. पण कारखान्याचा माल घ्यायला परदेशी पाहुणे आले होते, करारावर सह्या व्हायच्या होत्या, आणि रेडिओ केंद्राला वरून फोन आला होता. साहेब बिचारे फोनच्या ऐकायच्या टोकाला. त्यांची सगळी नोकरी त्याच टोकाला गेली होती.

“खोटं मी वाचणार नाही,” ताई म्हणाल्या.

“अहो, मलाही घरदार आहे.”

“मग ती ओळ वाचतच नाही. बाजारभाव सांगते आणि उठते.”

“चालेल,” साहेब लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की ताईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण त्या स्वतःवर खूश होत्या.

केस काळे होते तेव्हापासून ताई सकाळचं शेतीवृत्त वाचत होत्या. टोमॅटो, कांदा, काकडी, आणि शेवटी कालव्याच्या पाण्याची ओळ. मंडईत भाजीवाले त्यांना आवाजावरून ओळखायचे आणि “भाव तुम्हीच सांगितलाय की सकाळी” म्हणून घासाघीस करू द्यायचे नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ कालव्याच्या काठी भाजीची रोपं तयार करायचा. आजूबाजूचे सगळे त्याच्याकडूनच रोपं न्यायचे. कोवळी रोपं ती, एकदा वाईट पाणी लागलं की मान टाकतात. म्हणून पाटाच्या दाराच्या चाकावर हात ठेवून तो रोज बहिणीचा आवाज ऐकायचा आणि मगच दार उघडायचा.

त्या दिवशी काकडीचा भाव सांगून ताई थांबल्या. काचेपलीकडच्या चष्मेवाल्या तंत्रज्ञाने चमकून वर पाहिलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली, तेव्हा त्याने गाणं लावलं. ताई ताठ मानेने बाहेर आल्या. लोक काही दूधखुळे नाहीत. पाण्याबद्दल चकार शब्द नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हे कुणीही ओळखेल. निदान भाऊ तरी ओळखेलच. तेवढं त्याच्या तोंडून ऐकावं म्हणून त्यांनी व्हरांड्यातूनच फोन लावला.

“ऐकलंस ना?”

“ऐकलं की. सर्दी झालीय का गं? आवाज बसल्यासारखा वाटला.”

“पाण्याचं काही बोलले नाही मी.”

“हो, म्हणून तर सोडलं. निम्म्या वाफ्यांना लागलंसुद्धा.”

ताईंना वाटलं, हा थट्टा करतोय. “अरे, बोलले नाही म्हणजे...”

“म्हणजे कालचंच. प्रयोगशाळेला सुट्टी असली की तू ती ओळ गाळतेसच ना? कालवाभर सगळे कालचं धरून चालतात. काल चांगलं होतं.”

इतकी वर्षं ताई बोलत आल्या होत्या, पण आपण गप्प बसल्यावर पलीकडे काय ऐकू जातं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

“बंद कर,” त्या म्हणाल्या. “वाईट पाणी आहे. आधी बंद कर.”

फोनमधून धावणारे पाय ऐकू आले आणि मग चाकाची करकर. ताई तशाच मागे फिरल्या.

“गाणं थांबव,” त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या.

“ताई, साहेब मला...”

“माझ्यावर ढकल सगळं.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि गाण्याचा आवाज उतरवला. ताईंनी काकडीचा भाव सांगावा त्याच सुरात सांगितलं, “कालव्याचं पाणी आज पिकांना देऊ नका. सोडलं असेल तर दार बंद करा. हे मी मघाशीच सांगायला हवं होतं.”

साहेब दारात उभे होते. ते ओरडले नाहीत. दुपारपर्यंत ताईंची नोकरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भावाकडे गेल्या. भावजय करपलेली रोपं उपटून ढीग लावत होती. कुणी एका शब्दाने दोष दिला नाही आणि ताईंना तेच सोसवत नव्हतं. त्याही वाकून रोपं उपटायला लागल्या. शेडमधला रेडिओ चालू होता. नवीन मुलीने टोमॅटो, कांदा, काकडी सांगितली आणि गोड आवाजात म्हणाली, “पाणी पिकांना योग्य आहे.”

“आवाज चांगला आहे पोरीचा,” ताई म्हणाल्या.

पाटाच्या दाराशी भाऊ चाकावर हात ठेवून उभा होता. कालव्याच्या काठाने पुढचे शेतकरीही आपापल्या दाराशी तसेच उभे होते. दार कुणीच उघडलं नाही. शेजारच्या शेतातला म्हातारा इकडे बघत होता.

“ताई,” त्याने हाक मारली, “खरं काय धरायचं?”

ताईंनी हाताची माती झटकली. आज हातात कागद नव्हता.

“मला आता कळायची सोय नाही, बाबा. बंदच ठेवा.”

म्हाताऱ्याने पुढच्याला ओरडून सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. “ताई म्हणतात, बंद ठेवा.” कालव्याच्या काठाने ते लांब लांब जात राहिलं, आणि ऐकू येईनासं होईपर्यंत ताई उभ्या राहिल्या.