मावशी गोड करून सांगते

लग्नासाठी तळ्याकाठचं ते हॉटेल निवडलं, कारण दोन्ही घरांना ते सारखंच गैरसोयीचं होतं. मुलीकडचे विमानातून उतरून बसने आले, मुलाकडचे आगगाडी बदलत बदलत. सगळेच दमून आल्यामुळे रुसायला कुणाला त्राण उरलं नव्हतं. तीन दिवसांचं लग्न. आधी ओळखीपाळखी, मग गाणं-बजावणं, शेवटी लग्न. अर्धं यांच्या पद्धतीचं, अर्धं त्यांच्या.

आणि दोन्हींच्या मधोमध नवरीची मावशी. मुलाकडच्यांची भाषा घरात तिला एकटीलाच यायची. तरुणपणी तिने त्यांच्या मुलखात कापडगिरणीत तपासनीस म्हणून बरीच वर्षं काढली होती. कापडातला दोष हेरायचा आणि विणणाऱ्याला न दुखावता सांगायचा, यात तिचा हातखंडा होता. नवरा-नवरी आपसात ऑफिसात चालणाऱ्या तिसऱ्याच भाषेत बोलत, ती दोघांच्याही आईबापांना धड येत नव्हती. म्हणून कुणाला काही सांगायचं झालं की "मावशी कुठंय?" अशी हाक जायची.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नवरीचे वडील, म्हणजे मावशीचे भाऊजी, म्हणाले, "विहीणबाईंना सांग, माझ्या पिल्लूला मांडवात मीच हात धरून आणणार. त्यात बदल नाही."

भाऊजी मोटार शिकवायची शाळा चालवत. समोरचा हातभर अंतरावर असला तरी भर चौकातल्यासारखं ओरडून बोलायची त्यांना सवय.

मावशीने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात विहीणबाईंनीच आपलं सुरू केलं. बारीक, ताठ बाई. नवरा गेल्यावर रोपवाटिकेवर एकटीने मुलगा वाढवलेला. "एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मुलाची आई मुलीला खोलीच्या दारातून मांडवापर्यंत घेऊन येते. मला मुलगी नाही. या एका दिवसाची मी वाट बघत आलेय. तो मी कुणाला देणार नाही."

दोघंही मावशीकडे बघत होते. आत्ता जसंच्या तसं सांगितलं तर पहिल्याच घासाला खडा. ती भाऊजींना म्हणाली, "त्या म्हणतात, फार छान." आणि विहीणबाईंना म्हणाली, "ते म्हणतात, तुमच्या मनासारखं होऊ दे."

दोघंही खूश झाले. भाऊजींनी तर विहीणबाईंच्या पेल्यात स्वतःच्या हाताने सरबत ओतलं. उद्या पिल्लूला गाठून सगळं सांगू, पोरं काढतील काहीतरी मार्ग, असं म्हणत मावशीने वेळ मारून नेली.

पण दुसऱ्या दिवशी पिल्लू हाताला लागेना. कधी केस विंचरणारी बाई तिला घेऊन बसलेली, कधी नाचाचा सराव, कधी फोटोवाला. शेवटी जिन्यात सापडली, तर तिनेच मावशीच्या गळ्यात हात टाकले. "तू आहेस म्हणून मी निवांत आहे गं. तू नसतीस तर बाबांनी एव्हाना भांडण उकरलं असतं."

मावशी तोंड उघडते तोवर पिल्लू उड्या मारत निघूनही गेली.

मग मावशीने स्वतःच डोकं चालवलं. एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, मध्ये पिल्लू. जमतंय का बघू तरी, म्हणून ती मांडवाकडचा रस्ता तपासायला गेली. गच्चीवरून मांडवाकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या इतक्या अरुंद, की दोन माणसंच जेमतेम मावावीत. मावशी दोन्ही कोपरं बाहेर काढून, तिघं मावतात का ते पायऱ्या चढून-उतरून पाहू लागली. हॉटेलचा माळी पाइप हातात धरून तिच्याकडे बघत राहिला, झाडाऐवजी पाणी त्याच्या बुटावर पडत होतं.

संध्याकाळच्या गाण्यात दोन्हीकडचे हातात हात घालून नाचले. मावशीचा घास तोंडातच फिरत होता.

"पित्त झालंय का तुला?" ताईने, नवरीच्या आईने, विचारलं.

"हो," मावशी म्हणाली. आता तिला सगळंच गोड करून सांगायची सवय लागली होती.

लग्नाच्या सकाळी पिल्लूच्या खोलीबाहेर भाऊजी नव्या बुटांची करकर करत येऊन उभे राहिले. पाठोपाठ राखी रेशमात विहीणबाई आल्या. दोघांनी एकमेकांना हसून मान लववली. मग दोघंही वाट बघू लागले, दुसरा कधी जातो याची. मावशी भिंतीला टेकून उभी होती.

"ह्या खाली का जात नाहीत?" भाऊजी म्हणाले. "विचार जरा."

त्याच वेळी विहीणबाई म्हणाल्या, "वडिलांची खुर्ची खाली मांडलीय ना? त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

आणखी एक थाप मावशीच्या जिभेवर आली होती. पण मान वर केली तर दोघांचे चेहरे इतके विश्वासाचे, की ती तिला मारवेना. आधी एका भाषेत, मग दुसऱ्या, तिने घडलं ते सगळं सांगून टाकलं.

भाऊजींचा आवाज चढला, "अगं, वेड लागलं होतं का तुला?" विहीणबाईंचा चेहरा मात्र असा मिटला, की मावशीला ओरडाच परवडला असता. त्यांनी विचारलं, "माझा मुलगा फार आवडला, असं ते परवा म्हणाले होते. ते त्यांचं की तुमचं?"

मावशी दोन्ही भाषांत सांगू लागली. "माझं. ते म्हणाले होते, पोरगा ठीक आहे, पण फार हळू बोलतो."

"आणि माझ्या आवाजाचं त्यांनी कौतुक केलेलं?" भाऊजींनी विचारलं.

"त्या म्हणाल्या, यांना ऐकू कमी येतं का?"

भाऊजी अवाक झाले. विहीणबाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "मुलगा हळू बोलतो, हे खरं आहे," त्या म्हणाल्या.

मग भाऊजी बोलले ते इतक्या खालच्या आवाजात, की मावशीला पुढे वाकावं लागलं. "सांग त्यांना. एकही शब्द बदलू नकोस. मला भीती वाटते. त्या घरात पिल्लूशी आपल्या भाषेत बोलायला कुणी नसेल. हात सोडायचाच आहे, पण मला जरा उशिरा सोडू दे."

मावशीने सांगितलं. एकही शब्द बदलला नाही.

विहीणबाई खिडकीतून पायऱ्यांकडे बघत राहिल्या. "पायऱ्यांच्या खाली मी उभी राहते. तिथपर्यंत त्यांनी आणावं, तिथून पुढे माझी. हे मला पसंत नाही, तेही सांगा. पण त्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नाहीत."

मावशीने तेही जसंच्या तसं सांगितलं, तेवढ्यात दार उघडून पिल्लू बाहेर आली. "काय झालं?" तिने विचारलं. भाऊजींनी हात पुढे केला.

लग्न लागलं. खालच्या पायरीपाशी भाऊजींनी हात सोडायला इतका वेळ लावला, की वाजवणाऱ्यांना तीच धून पुन्हा धरावी लागली. विहीणबाई हात पसरून थांबल्या होत्या. मावशीला त्यानंतर कुणी हाक मारली नाही. विहीणबाई फोनवरच्या भाषांतराने भाऊजींशी बोलत, आणि फोन असे काही दिवे लावत होता, की शेजारी बसून ऐकताना मावशीला राहवत नसे.

"गप्प बस," ताई तिला सांगायची.

निघायच्या दिवशी बसपाशी सामान चढत असताना विहीणबाई स्वतःहून मावशीजवळ आल्या. माफ केल्याचं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"त्यांना एक सांगायचंय. जसंच्या तसं सांगाल?"

"सांगेन."

"आमच्या घरी मुलीला दिलेली खोली उत्तरेकडची आहे. भिंतीला ओल येते. थंडीच्या आत दुरुस्त करून घेईन, पण तोवर तिला त्रास होणार."

मावशीने भाऊजींना ओलीसकट सगळं सांगितलं. भाऊजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ओल? कुठल्या भिंतीला? विचार त्यांना, बाहेरच्या की आतल्या?"

मावशी वळली आणि विचारू लागली.