आकडा खरा, आळ खोटा

मित्रांनो, माझं बटण आता दोनदा दाबावं लागतं, काचेवर ओरखडे आहेत, पण डोकं शाबूत आहे. मी एक जुना ग्लुकोमीटर. बोटातल्या थेंबभर रक्तावरून साखर किती ते सांगतो. का ते सांगत नाही. माझं सगळं दुःख या दोन वाक्यांत आलं.

कारखान्यातून मी आलो तो एका इस्त्रीवाल्या बाईंच्या घरी. काय थाट होता माझा! बाईंच्या नवऱ्याने मला कपाटात मऊ रुमालावर ठेवलं. थंडीत बाईंची बोटं इतकी गारठायची की टोचूनही रक्त येईना. मग त्या तळवे चोळायच्या, तेव्हा कुठे थेंब यायचा. आकडा चांगला आला की नवरा म्हणायचा, यंत्र गुणी आहे. इन्सुलिन बाईंनी टोचायचं, पथ्य बाईंनी पाळायचं आणि गुणी मी!

मग उन्हाळा आला. रस्त्याचं डांबर चपलांना चिकटू लागलं आणि माझा आकडा चढू लागला. दीडशे, दोनशे, तीनशे दहा. उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की साखर चढते, हे खरं. पण बाई पाणी भरपूर पीत होत्या. जेवण तेच, इन्सुलिन तेवढंच. घरात मात्र निकाल लागून गेला होता, बाई चोरून गोड खातात.

नणंदेने साखरेचा डबा स्वतःच्या खोलीत नेला. वहिनीच्या पदराला मुंग्या लागतात का, असं शेजारणींसमोर विचारलं. बाई नाही म्हणाल्या की नवरा मला त्यांच्यासमोर धरायचा.

"मग हे यंत्र खोटं बोलतंय का?"

मी खोटं बोलत नव्हतो, हीच तर पंचाईत. रोज सकाळी मी खरं सांगायचो आणि रोज बाईंचं तोंड बंद व्हायचं. शेवटी त्यांनी जेवण अर्ध्यावर आणलं. तरी आकडा उतरेना.

त्यातच इस्त्रीतला निखारा पायाच्या करंगळीवर पडला. साखर चढलेली असली की जखमा हट्टी होतात. मलमपट्टीला नर्सताई घरी येऊ लागल्या आणि त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, इन्सुलिन ठेवता कुठे?

बाईंचं दुपारचं जेवण इस्त्रीच्या दुकानात, जेवणाआधी टोचायचं म्हणून इन्सुलिनची बाटलीही दुकानात. औषधवाल्याने बजावलं होतं, उन्हात ठेवू नका, सावलीत ठेवा. बाईंनी अक्षरशः तेच केलं होतं. ऊन कधीच पोचत नाही अशा फळीवर, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांच्या थप्पीत! थंडीत निभावलं. उन्हाळ्यात पत्र्याखालचं दुकान भट्टी झालं.

नवऱ्याने बाटली आणली. नर्सताईंनी ती मुठीत धरून पाहिली.

"अहो, ही तर शेकून निघालीय. हिच्यात जोर राहील कुठून?"

नवी बाटली फ्रीजमध्ये गेली. चार दिवसांत मी एकशे तीस दाखवले. करंगळी मात्र तोवर कापावी लागली होती.

साखरेचा डबा गुपचूप जागेवर आला. नणंद म्हणाली, मीटरच वेळेवर बदलायला हवा होता. बाईंनी मला नवऱ्याच्या हातात दिलं.

"याचं ऐकलंत, तसं एकदा माझं ऐकायचं होतं."

मित्रांनो, उन्हाळ्यात कुणाची साखर चढते, कुणाची अचानक उतरते. तेव्हा आधी हवा बघा, बाटली हातात घेऊन बघा, आजारी माणसाचे डबे मग तपासा. आणि त्याच्याशी जरा गोड बोला. गोड बोलल्याने साखर वाढते का, ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरात ते मोजायची वेळच आली नाही.