भोये, बी. के.

मैना भोयेच्या प्रबंधात दोनशे बारा संदर्भ होते आणि त्यांनी तिचा जीव नकोसा केला होता. विषय पेठकडच्या रानभाज्यांचा, भाषा इंग्रजी, आणि गाईड असे की स्वल्पविराम हुकला तरी पान परत! शेवटी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून संदर्भांची यादी लावणारं सॉफ्टवेअर मिळालं. नाशिकच्या कॉलेजातला ग्रंथालय सहायक मनोज ते शिकवायला बसला. "ताई, तुम्ही फक्त माहिती भरा. बाकी सगळं तेच करतं."

मैनानं भरली. आधी आडनाव, मग नुसती आद्याक्षरं, असा गाईडचा नियम. पुस्तकं झाली, लेख झाले, शेवटी दोन मुलाखती राहिल्या. बयाबाई केरू भोये आणि भागुबाई केरू भोये. केरूच्या दोन बायका. मैना धाकटीची, भागुबाईची. एका संध्याकाळी ओट्यावर बसून दोघींनी तिला साठ भाज्या सांगितल्या होत्या. कुठली कधी खुडायची, कुठलीचं पाणी दोनदा ओतून द्यायचं, सगळं.

भागुबाई दुसरी बायको, त्यामुळं रेशनकार्डावरसुद्धा तिचं नाव नव्हतं. "लय शिकलीस ना? मंग माझं नाव लिव की कुठंतरी," ती त्या संध्याकाळी म्हणाली होती. मैनानं शब्द दिला. वर्षाच्या आत भागुबाई तापानं गेली.

छपाईच्या आदल्या दिवशी, दोन हजार पाच साली, सॉफ्टवेअरनं कुरकुर केली की एक नोंद दोनदा आलीय. पडद्यावर दोन सारख्या ओळी होत्या: भोये, बी. के., मुलाखत, २००३. "डुप्लिकेट आहे, उडवा," मनोज म्हणाला. त्या यंत्राला काय डोंबल कळणार, कोण कुणाची आई ते! पण मैनाला तरी कळायला हवं होतं. थकून तिचे डोळे मिटत होते. "बरं झालं बाई, आत्ताच सापडलं," म्हणत तिनं बटण दाबलं. संदर्भ दोनशे अकरा झाले आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पदवी मिळाल्यावर काळ्या बाइंडिंगची प्रत घेऊन ती एसटीनं गावी गेली. बयाबाई पदराला हात पुसत आली. "वाच गं. आधी भागीचं नाव वाच."

मैनानं यादी उघडली. भोये, बी. के. त्याखाली लगेच दुसरंच आडनाव. तिनं पान मागं उलटलं, पुढं उलटलं. अगं आई गं, काय करून बसले मी! बाकीच्या प्रती विद्यापीठात जमा झाल्या होत्या, आता एक अक्षर बदलणार नव्हतं. दोघींतली कोण उडाली आणि कोण राहिली, हे त्या ओळीवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

तिनं बयाबाईचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. "हे बघ, आईचं."

बयाबाईनं ओळीवरून हळूहळू बोट फिरवलं. "भागे, आलं गं तुझं नाव," म्हणताना तिचे डोळे भरून आले. मग ती हसली. "आन माझं कंचं?"

बयाबाईनं एकदा मैनाच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा पानाकडे.

"हितं बी दोघींत एकच जागा व्हय?"

मैना हुंदके देऊन रडायला लागली. बयाबाईनं तिला जवळ ओढलं.

"ऱ्हाऊ दे. तिचीच ऱ्हाऊ दे. मी जिती हाय अजून."