मागच्या ॲक्सलच्या पुनर्नियुक्तीबाबत

विषय : मागच्या ॲक्सलला गाडीखालच्या मूळ जागी कायमस्वरूपी परत घेण्याबाबत.
संदर्भ : मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात केलेली तोंडी मागणी आणि त्यावर मालकांनी दिलेलं ‘बघू’ हे उत्तर.

वरील विषयातला मागचा ॲक्सल म्हणजे मी. गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असते, त्यामुळे मागणी आणि उत्तर दोन्ही मी स्वतः ऐकलेली आहेत.

माझा परिचय थोडक्यात देतो. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांपर्यंत पोचवणं हे माझं काम. दिसायला मी एक आडवा लोखंडी नळा, मधोमध फुगीर पोट. या पोटात काही दातेरी चक्रं आहेत आणि माझी सगळी अक्कल तिथेच आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. ही चक्रं दोघांना आपापल्या गतीने जाऊ देतात. घरात आई आणि बायको यांच्यामध्ये उभा असलेला माणूस जे करतो तेच हे काम आहे. फरक इतकाच, की मला त्यासाठी वेळेवर तेल मिळतं.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो झाले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जन्माच्या वेळी माझ्यावर एक खडूची खूण होती, ती पहिल्याच पावसात गेली.

माझे मालक चष्मेवाले. दुकानात बसून लोकांचे नंबर काढतात, अत्यंत सावकाश. ‘आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?’ हा प्रश्न ते दिवसभर विचारतात आणि उत्तराची घाई करत नाहीत. अशा माणसाला वेगाचं वेड का लागावं, हे मला कळलेलं नाही. त्यांनी गाडीला मोठं इंजिन बसवलं, त्यावर हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो चढवला आणि दर रविवारी बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला जाऊ लागले. या शर्यतीत दोन गाड्या सरळ रेषेत पळतात आणि आपल्याला शिंक येऊन जाईपर्यंत सगळं आटोपतं. मग उरलेला दिवस त्याविषयी बोलण्यात जातो.

गाडीची कामं मालकांची मेव्हणी करते. तिचं स्वतःचं गॅरेज आहे. मोठं इंजिन आल्यापासून मी सुरुवातीच्या झटक्याला कण्हायला लागलो होतो. ते तिने ऐकलं.

‘‘भावजी, इंजिन घोड्याचं लावलंत आणि कणा कोंबडीचा ठेवलात,’’ ती म्हणाली. ‘‘हा एक दिवस मोडणार.’’

कोंबडीचा उल्लेख मी मनावर घेतला नाही. पण महिन्याभरात नवा ॲक्सल आला. जाड, काळा, चकचकीत. त्याच्या पोटात दातेरी चक्रांऐवजी एकच घट्ट ठोकळा होता. दोन्ही चाकं एकमेकांना करकचून बांधलेली. एक जेवढं फिरेल तेवढंच दुसरं. सरळ रस्त्यावर याच्यासारखा दुसरा कोणी नाही, हे मीही मान्य करतो. मला काढून गॅरेजात जुन्या टायरांच्या मागे ठेवण्यात आलं. निरोप समारंभ झाला नाही.

चूक झाली ती यापुढे. मालक आणि मेव्हणी दोघांनी नव्या ॲक्सलची कसून चाचणी घेतली. गॅरेजपासून धावपट्टीपर्यंत, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी सरळ. वळताना गाडी ओरडते आणि मागून उड्या मारते, हे दोघांनाही ठाऊक होतं. शर्यतीत वळण नसतं, म्हणून ते दोष म्हणून कोणी मोजलंच नाही. मालकांना वाटलं, मेव्हणीने आपल्या बहिणीला, म्हणजे मालकीणबाईंना, सांगितलं असेल. मेव्हणीला वाटलं, नवऱ्याने बायकोला सांगितलं असेल.

घरात गाडी एकच. तिच्यावर एक काम असं आहे, की ते टाळता येत नाही. मालकांचे वडील, म्हणजे आमचे बाबा, सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी डायलिसिसला जातात. त्यांना नेतात मालकीणबाई. त्या शाळेत गणित शिकवतात आणि गाडी त्याच हाताने चालवतात. एकदा बाबांना टॅक्सीने नेलं होतं. परत येताना त्यांना उलटी झाली आणि टॅक्सीवाल्याने दोघांना अर्ध्या रस्त्यात उतरवलं. बाबांनी आयुष्यभर बस चालवली, एकाही उतारूला मध्येच उतरवलं नाही.  तेव्हापासून निघताना विचारतात, ‘‘आपलीच गाडी आहे ना?’’

नव्या ॲक्सलची चाचणीनंतरची पहिली फेरी त्या दोघांचीच. पुढचं मी मालकीणबाईंच्या तोंडून ऐकलं. त्या तडक गॅरेजात आल्या होत्या. हॉस्पिटलच्या दारात गाडी वळवली तेव्हा मागची चाकं अशी किंचाळली, की पहारेकरी काठी घेऊन धावला आणि बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. गाडी फरफटत, उड्या मारत वळली. बाबा दाराच्या मुठीला धरून बसले होते. वळण संपल्यावर म्हणाले, ‘‘सूनबाई, गाडी डेपोला परत ने.’’

‘‘ताई, जरा आवाज होतो वळताना,’’ मेव्हणी म्हणाली.

‘‘जरा?’’ मालकीणबाई म्हणाल्या. ‘‘वळणं शोधायला गेले नव्हते मी. रस्त्यातच होती.’’

यावर मालकांनी नव्या ॲक्सलचे गुण सांगायला सुरुवात केली. मालकीणबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, हे सगळं बाबांच्या शेजारी बसून एकदा सांगा.

त्यातून जो तोडगा निघाला, तो दुसऱ्या कुठल्या घरात निघाला नसता. आठवडाभर मी काम करायचं, रविवारी नव्या साहेबांनी. शनिवारी मला उतरवायचं, रविवारी संध्याकाळी पुन्हा चढवायचं. माझी कंबर मोडू नये म्हणून इतर दिवशी टर्बोचा दाब कमी ठेवायचा. मेव्हणी दर आठवड्याला तेच नट सोडवायची, तेच आवळायची आणि म्हणायची, ‘‘भावजी, लोक सुट्टीला कपडे बदलतात.’’

अशा रीतीने मी हंगामी झालो. हंगामी माणसाला खुर्ची मिळते, पण तो तिच्यात टेकून बसत नाही. मालकीणबाईंनी मला कायम करण्याची मागणी लावून धरली. मालक म्हणायचे, बघू, हंगामाची शेवटची शर्यत होऊ दे. त्या शर्यतीसाठी त्यांनी वर्षभर जीव टाकला होता. जिंकण्याइतका वेग आता गाडीत होता, आणि तो माझ्यामुळे नव्हता, हेही मला प्रामाणिकपणे नमूद करायला हवं. तिथे जिंकले असते, तर नवे साहेब कायम झाले असते आणि मी भंगारात गेलो असतो. बाबांची सोय काय करायची, यावर मालक तेव्हा चष्मा पुसायचे.

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी हॉस्पिटलातलं मशीन बिघडलं आणि बाबांना तसंच घरी पाठवलं. शनिवारी सकाळी मी गाडीखालून निघून दोन लाकडी ओंडक्यांवर पडलो होतो. नवे साहेब पुसूनबिसून तयार होते. तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन आला. मालकांनी हात तेलकट म्हणून तो स्पीकरवर घेतला. मशीन दुरुस्त झालं होतं. बाबांना उद्या सकाळी बोलावलं होतं. त्यांच्या पायांवर सूज आली होती, आणखी थांबून चालणार नव्हतं.

‘‘अहो, तुम्ही जा शर्यतीला,’’ मालकीणबाई म्हणाल्या. ‘‘मी टॅक्सी सांगते. सोबत पिशवी घेईन, टॉवेल घेईन. होईल व्यवस्थित.’’

महिनोन्महिने माझी बाजू मांडणाऱ्या बाई हे म्हणत होत्या. मी ओंडक्यावरून ऐकत होतो. मला राग आला नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तर मी कुठून आणू?

मालकांनी विचारलं, ‘‘बाबांना सांगितलंस टॅक्सीचं?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘बरं म्हणाले.’’

फोन बंद झाला. मालक बराच वेळ नव्या ॲक्सलवरचा एक डाग पुसत राहिले. तिथे डाग नव्हता. मग मेव्हणीला म्हणाले, ‘‘जुना चढव.’’

‘‘भावजी, वर्षाची मेहनत आहे. नंतर माझ्या नावाने खडे फोडाल.’’

‘‘नाही फोडणार. चढव.’’

तिने पुढे थट्टा केली नाही. नट आवळताना एकदाच मला हाताने थोपटलं, तेही कदाचित माती झटकण्यासाठी असेल.

रविवारी गाडी स्वतः मालकांनी चालवली. हॉस्पिटलच्या दारातलं वळण मी जन्मात घेतलं नसेल इतकं हळू घेतलं. आतलं चाक सावकाश, बाहेरचं जरा लगबगीने, आणि आवाज कसलाही नाही. पहारेकऱ्याने मान वर केली नाही. परतीच्या वाटेवर बाबांना मळमळलं. मालकांनी गाडी कडेला घेतली, पिशवी धरली, तोंड पुसलं आणि बाबा ‘चल’ म्हणेपर्यंत थांबले.

‘‘आज तुझी शर्यत होती ना रे?’’ बाबांनी विचारलं.

‘‘पुढे ढकलली, बाबा.’’

‘‘मग सावकाश घे. घाई नाही ना?’’

‘‘नाही.’’

शर्यत पुढे ढकललेली नव्हती. ती त्याच वेळी धावपट्टीवर चालू होती आणि दुसऱ्याच कोणीतरी जिंकली. घर येईपर्यंत बाबा झोपले होते.

या गोष्टीला आता बरेच आठवडे झाले. नवे साहेब गॅरेजात चादरीखाली आहेत. त्यांना परत बसवण्याचा विषय कोणी काढलेला नाही. मला कायम करण्याचाही नाही. मी रोज कामावर असतो. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.