नियमात बसणारी रजा

उमैमाखालांनी बिर्याणीचा थाळा चपलांच्या कपाटावर टेकवला, ओढणी सावरली आणि शहनाझच्या गळ्यात पडून त्या रडू लागल्या.

शहनाझचा नवरा यूनुस दार धरून तसाच उभा राहिला. जिन्यावरून आणखी दोघी वर येत होत्या आणि त्यांच्याही हातात झाकलेली भांडी होती. मय्यतीच्या घरी तीन दिवस चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खाऊ घालायचं, ही कोकणातली रीत अमिरातीतल्या अल ऐनच्या तिसऱ्या मजल्यावरही कुणी मोडली नव्हती.

यूनुसची अम्मी गेली म्हणून ही मंडळी आली होती. आणि अम्मी त्या वेळी दाभोळला पडवीतल्या खाटेवर पडून, धाकट्या सुनेने केलेली पेज अळणी आहे म्हणून कुरकुरत होती. तासाभरापूर्वीच यूनुस तिच्याशी बोलला होता.

खोटं त्याने एकाच ठिकाणी सांगितलं होतं, आणि तेही त्याच सकाळी. त्याची मुलगी सफा हिच्या शाळेत हजेरीचं काम अनुपमा मॅडम बघत. मूळच्या पुण्याच्या. गावचा माणूस समोर आला की आधी मराठीत ‘या, बसा’ म्हणणाऱ्या आणि मग इंग्रजीत नियम सांगणाऱ्या. नियम सरळ होता. सत्र चालू असताना मुलांना गावी न्यायचं नाही. मूल स्वतः आजारी असेल किंवा घरातलं जवळचं माणूस गेलं असेल तरच रजा मिळेल. ईदच्या वेळी तिकीट स्वस्त मिळालं म्हणून यूनुसने सफाला सुट्टीच्या आधीच गावी पाठवलं होतं आणि त्याबद्दल शाळेची ताकीद पदरात पडलेली होती. आता पुन्हा तसं केलं तर दोन हजार दिरहॅम दंड, आणि पुढच्या वर्षी शाळा घेईल की नाही याचा भरवसा नाही.

“म्हणजे आपले अठ्ठेचाळीस हजार,” शहनाझ म्हणाली होती. “ते भरू एकवेळ. पण आठवीतून नाव काढलं तर दुसरी सीट कुठे मिळणार?”

आजी आजारी असणं नियमात बसत नव्हतं. डॉक्टरांनी अम्मीला घरी न्यायला सांगितलं होतं आणि घरी न्या म्हणजे काय, हे न कळण्याइतकं कुणी लहान नव्हतं. अम्मीला एकच हवं होतं, सफा. शहनाझला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली तेव्हा सफा दहा महिन्यांची होती. दोघांच्या ड्युट्या, एका खोलीतला संसार, अशात तान्ह्या पोरीला कोण बघणार? तिला अम्मीने ठेवून घेतलं. ती चालायला, बोलायला, भाकरी मोडून खायला दाभोळलाच शिकली. पाचव्या वर्षी ती आईबापांकडे आली तेव्हा महिनाभर शहनाझला ‘ती बाई’ म्हणत होती.

शाळेचा नियम यूनुसने फोनवर अम्मीला समजावून सांगितला तेव्हा ती हसली होती. हसता हसता तिला धाप लागली.

“मग सांग की त्यांना, मेली म्हणून. एवढं काय त्यात?”

“तोबा, अम्मी.”

“मेल्यावर पोरीला आणून काय करशील? माझ्या कबरीला दाखवशील?”

जिवंत माणसाचं असं बोलू नये, असं शहनाझ दोन दिवस म्हणत राहिली. पण दुसरा उपाय तिलाही सुचला नाही.

अनुपमा मॅडमसमोर यूनुसची जीभ रेटेना. ‘माझी आई’ एवढं म्हणून तो थांबला आणि मॅडमनी पुढचं वाक्य त्याच्या चेहऱ्यावरच वाचलं. त्या खुर्चीतून उठल्या, पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर ठेवला.

“आमची आई गेली तेव्हा मी इथेच होते, यूनुसभाई,” त्या म्हणाल्या. “कागद मागून तुम्हाला त्रास देत नाही. जितके दिवस देता येतात तितके सगळे देते.”

पैसे मागितले असते तर बरं झालं असतं, असं जिना उतरताना त्याला वाटलं.

मॅडमनी चांगल्या मनाने वर्गशिक्षिकेला सांगितलं, वर्गशिक्षिकेने चांगल्या मनाने वर्गाला सांगितलं, सफाशी जरा सांभाळून वागा म्हणून. वर्गात उमैमाखालांची नात सुमैय्या होती. दुपारपर्यंत दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांची अल ऐनमधली सगळी घरं बिर्याणी शिजवायला लागली होती; दाभोळला फोन लावून खात्री करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता त्या सगळ्या बायका खाली सतरंजीवर बसल्या. कुणी कुराणातली यासीन वाचायला घेतली. सफा आतल्या खोलीत दार लावून बसली होती, आणि पोरीने दुःख फार मनावर घेतलंय असं जी ती म्हणत होती.

“तुला ठाऊक नसेल, यूनुस,” खाला डोळे पुसत म्हणाल्या. “तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. माझं पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं. सासू म्हणाली, पोरीला दाखवू नका, जीव लावून बसेल. तशीच न्यायला निघाली मंडळी. तुझी अम्मी होडीतून खाडी ओलांडून आली होती. तिने सगळ्यांना दारात अडवलं. बाळाला स्वतः आंघोळ घातली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. म्हणाली, बघून घे गं, पोटभर बघून घे. मग देऊ.” खालांनी मांडीवरची ओढणी सारखी केली. “त्या बघण्यावर मी आजवर जगले बघ.”

यूनुसला हे खरोखरच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं ज्या बाईचा तो मुलगा होता तिने हे कधी घरात सांगितलं नव्हतं. त्याने तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता. सगळ्यांसमोर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि खालांनी उठून त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तो रडला ते खोटं नव्हतं. शहनाझ मात्र त्याच्याकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी ते तिघे निघाले.

दाभोळला अम्मी त्यांना बघून खाटेवर उठून बसली. इतके दिवस ती बसली नव्हती, असं यूनुसचा धाकटा भाऊ उमर म्हणाला. सफा तिच्या अंथरुणातच राहायला गेली. आजीची वेणी घालायची, पाय चेपायचे, तिला शाळेतल्या मैत्रिणींच्या खोड्या सांगायच्या. इंग्रजीत बोलणारी ही उंच पोरगी तिथे पाऊल टाकताच दाभोळचं बोलू लागली. अम्मी तिला न्याहाळत राही. मध्येच हात लांब करून तिच्या गालावरून फिरवी आणि पुन्हा डोळे मिटी.

एकदा सफा विहिरीकडे गेली असताना अम्मीने यूनुसला जवळ बोलावलं.

“मय्यतीला कोण कोण आलं होतं रे?”

त्याने नावं सांगितली. ती मजेत ऐकत होती.

“उमैमाने काय आणलं?”

“बिर्याणी.”

“आणि तिखटजाळच केली असेल. माझ्या मय्यतीला तरी बेतात घालायचं होतं तिने.”

मग यूनुसने तिला बाळाची गोष्ट सांगितली, खालांनी जशी सांगितली होती तशीच. अम्मीचं हसू ओसरलं.

“ती अजून रडते त्याच्यासाठी?”

“हो.”

“आणि माझ्यासाठीपण रडली?”

“हो, अम्मी. खूप.”

“बरं झालं. ऐकायला मिळालं.” तिने चादरीची कड बोटांत धरली. “पण यूनुस, आता मी खरी गेले की तुझ्या दारात कोण यायचं?”

विहिरीवरून सफा आली आणि विषय तिथेच राहिला. निघायच्या दिवशी अम्मीने रडारड केली नाही. सफाचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने तो नीट बघितला, आणि ‘जा आता, शाळा बुडते’ म्हणाली.

त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटेची फजरची नमाज आटोपून यूनुस जानमाज घडी करत होता तेव्हा उमरचा फोन आला. अम्मी झोपेतच गेली होती. दुपारी जुहरच्या नमाजीनंतर दफन. अल ऐनहून दुबई, तिथून मुंबई आणि पुढे घाटाचा रस्ता, कितीही धडपड केली तरी पोचणं शक्य नव्हतं. बघायचं ते बघून झालं होतं.

शहनाझ भिंतीला टेकून रडली. तोंडात पदर कोंबून रडली, कारण भिंतीपलीकडच्या घरातून थाळा येऊन गेला होता. मग तिने तोंड धुतलं आणि सफाचा युनिफॉर्म इस्त्रीला काढला.

“आज नको पाठवूस तिला,” यूनुस म्हणाला.

“आणि काय सांगायचं शाळेत? आजी परत गेली?” शहनाझने त्याच्याकडे न बघताच विचारलं. “मलाही सकाळची ड्युटी आहे. मी कुणाला काय सांगू?”

सफा दारात उभी होती. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

“इट्स ओके, मम्मा,” ती म्हणाली. “वुई ऑलरेडी यूज्ड इट.”

शहनाझने तिला जवळ ओढलं, पण लगेच सोडून दिलं. “शाळेत रडू नकोस हं. डोळे सुजले तर मॅडम विचारतील. सुमैय्या घरी जाऊन सांगेल.”

“आय नो.”

बसने पाठवायचं यूनुसच्या जिवावर आलं, म्हणून त्याने तिला स्वतः गाडीतून नेलं. शाळेसमोर सफाने गाडीचा आरसा खाली ओढला, टिश्यूने नाक पुसलं, केस सारखे केले. उतरली. फाटकावरचा वॉचमन ‘गुड मॉर्निंग, बेटा’ म्हणाला आणि सफाने त्याला हसून ‘गुड मॉर्निंग, अंकल’ म्हटलं. रोज म्हणत असेल तसंच, अगदी छान.

ते हसू यूनुसने गाडीतून बघितलं. तेरा वर्षांच्या पोरीला आपण हे शिकवलं. सनाइया औद्योगिक भागातलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान त्यालाच उघडायचं होतं, मालकाचा फोनही येऊन गेला होता. त्याने गाडी बाजूला लावली आणि तो आत गेला.

“या, बसा,” अनुपमा मॅडम म्हणाल्या.

तो बसला नाही. “मॅडम, आज पहाटे माझी आई गेली.”

मॅडमच्या हातातला पेन तसाच राहिला. “यूनुसभाई, तुम्ही मागच्या महिन्यात—”

“मागच्या महिन्यात ती जिवंत होती. म्हणून तर जायचं होतं.”

बाहेर मुलांच्या रांगा वर्गात जात होत्या. मॅडमनी पेन खाली ठेवला, टेबलावरचा स्टेपलर उगाच सरळ केला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. राग होता, आणि नुसता रागच नव्हता.

“मी वर्गात सांगायला लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “मुलींनी तिच्यासाठी प्रार्थना केली होती. तुमच्यावर विश्वास ठेवून मी कागदसुद्धा मागितला नाही.”

“हो, मॅडम. चूक माझी आहे. पोरीची नाही.”

मॅडमनी हळू आवाजात विचारलं,

“भेट झाली का?”

“झाली.”

“सफाची?”

“तिचीच जास्त झाली.”

मॅडमनी मान वळवून कॉम्प्युटरकडे बघितलं. मराठी संपली आणि इंग्रजी सुरू होईल असं यूनुसला वाटलं, पण त्या मराठीतच बोलत राहिल्या.

“ते सगळे दिवस आता मला विनापरवानगी धरावे लागतील. दंड लागेल. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं मला आज काही सांगता येणार नाही. प्रिन्सिपल मॅडमना मी हे लपवू शकत नाही.”

“नका लपवू.”

“आणि आजचा दिवस...” त्या थांबल्या. पुढचं बोलायची त्यांना लाज वाटत असावी. “आजचा दिवस नियमात बसतो. आज तिला घरी नेता येईल.”

शिपाई सफाला बोलवायला गेला तेव्हा मॅडम टेबलाच्या पुढे आल्या. काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ग्लासात पाणी ओतलं आणि यूनुसच्या हातात दिलं. या वेळी त्याने ते प्यायलं.

सफा दप्तर घेऊन आली. मॅडमकडे बघून ती परत तेच छान हसली. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या पटकन खिडकीकडे वळल्या.

गाडीत बसून सफाने पट्टा लावला. यूनुसने किल्ली हातात घेतली होती. आता घरी जाऊन आधी उमैमाखालांचं दार वाजवायचं होतं आणि सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. त्या दार लावून घेतील की थाळा घेऊन येतील, त्याला ठाऊक नव्हतं. दोन्हींपैकी काहीही झालं तरी जायचं होतं.

“व्हॉट डिड यू टेल हर, अब्बू?”

“खरं ते सांगितलं. दादी आज गेली म्हणून.”

सफा समोरच्या काचेकडे बघत राहिली. फाटकाशी वॉचमन उशिरा आलेल्या एका मुलाला आत घेत होता.

“सो आय ॲम अलाउड नाऊ?”

घरी यायचं विचारतेय असं यूनुसला वाटलं. “हो, बेटा. मॅडमनी सोडलंय.”

तिने मान हलवली. दप्तर पोटाशी धरलं, त्यात तोंड खुपसलं आणि पहाटेपासून पहिल्यांदाच रडायला लागली. मोठ्याने, दाभोळच्या बोलीत दादीला हाका मारत. यूनुसने किल्ली फिरवली नाही.